कॉस्टांटिनी व्हिया फेराटा: ६बी लीड करणाऱ्याला नेमकं अवघड काय जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये ६बी श्रेणीचे मार्ग लीड करता, म्हणजे दोर घेऊन पुढे चढता, आणि मल्टिपिचचा, म्हणजे दोराच्या अनेक टप्प्यांच्या चढाईचा, अनुभव आहे. ऑगस्टमध्ये इटलीच्या डोलोमाइट्समधल्या मोयात्साची कॉस्टांटिनी व्हिया फेराटा (कातळात लोखंडी केबल बसवलेला चढाईचा मार्ग) एका दिवसात करायची आहे. सोबतच्या मित्राचा दम उत्तम आहे, पण कातळावरचा अनुभव जेमतेम. केबल तळापासून वरपर्यंत असेल तर वेगळा फेराटा सेट (हार्नेसला जोडायचा, धक्का खाणारा दोन फांद्यांचा पट्टा) कशाला, आपल्याच स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे फास) आणि कॅराबिनर (उघडता येणाऱ्या धातूच्या कड्या) चालणार नाहीत का, दोर न्यावा का, आणि वेळ किती धरावा, हे तुम्ही विचारलंय.

चढाईच्या काठिण्याची चिंता सोडा. केबल हाताशी असताना ६बी चढणाऱ्याला अडवेल अशी एकही चाल तिथे नाही. लांब फेराटावर अनुभवी क्लाइंबर अडचणीत येतो तो दुसऱ्याच कारणांनी: पडण्याबद्दलची त्याची सवय, परतीचा रस्ता कधी बंद होतो याचा चुकलेला अंदाज, आणि जोडीदाराच्या हातांचा न केलेला हिशेब.

पडण्यापासून सुरुवात करतो, कारण स्लिंगचं उत्तर त्यातच आहे. लीड करताना पडणं हा खेळाचाच भाग असतो. फॉल फॅक्टर म्हणजे किती मीटर पडलात भागिले किती मीटर दोराने ते झेललं. दोरावर तो जास्तीत जास्त २ होतो, आणि एरवी त्याच्या बराच खाली राहतो. शिवाय दोर ताणला जातो आणि धक्का पोटात घेतो. आता फेराटा बघा. उभ्या केबलवर दोन अँकरमध्ये, म्हणजे केबल कातळाला पक्की केलेल्या दोन जागांमध्ये, चार मीटर अंतर आहे आणि तुम्ही वरच्या अँकरच्या जरा खाली आहात. हात सुटला की कॅराबिनर केबलवरून सरळ घसरत खालच्या अँकरवर आदळतो आणि तुम्ही त्याच्याही एक मीटर खाली जाऊन थांबता. पाच मीटर पडलात आणि झेलायला एक मीटरचा पट्टा, म्हणजे फॅक्टर ५. डायनीमा या मजबूत धाग्याची स्लिंग ताणली जवळपास जात नाहीच, आणि त्यात गाठ असेल तर फॅक्टर २ लाही ती तुटू शकते. न तुटली तर तो सगळा धक्का तुमच्या कमरेला आणि अँकरला. म्हणून स्लिंग, डेझी चेन, मल्टिपिचवर अँकरला अडकायला वापरता ती साखळीची स्लिंग, यातलं काहीही फेराटा सेटच्या जागी चालत नाही. याला अपवाद नाही.

सेट ईएन ९५८ मानकाचा घ्या, आणि तोही २०१७ च्या सुधारित आवृत्तीचा. त्यात शिवलेला पट्टा टाके उसवत उघडतो आणि ऊर्जा खातो. मानकाप्रमाणे ४० किलोच्या वजनाला धक्का ३.५ किलोन्यूटनच्या आत आणि १२० किलोच्या वजनाला ६ किलोन्यूटनच्या आत राहायला हवा. त्यासाठी पट्टा २.२ मीटरपर्यंत उघडू शकतो. म्हणजे वरचे पाच मीटर अधिक हे दोन. सात मीटरच्या त्या रेषेत कंगोरे असतात, लोखंडी खुंट्या असतात, कधी खालचा माणूस असतो. सेट जीव वाचवतो, घोटा किंवा बरगडी वाचवेल याची खात्री देत नाही. गाडीतल्या एअरबॅगकडे जसं बघता तसं त्याच्याकडे बघा. चढायचं ते पडणं मान्य नाही असं धरूनच. एखादी चाल सुटेल की नाही अशी शंका आली तर केबल घट्ट धरा, शैली मागाहून.

मित्राचं शरीराचं वजन ४० किलोच्या खाली असेल किंवा तुमच्यापैकी कोणाचं सामानासकट वजन १२० किलोच्या वर जात असेल, तर सेटवर भिस्त ठेवता येत नाही, वरून दोराने सांभाळणं, म्हणजे बिले, लागतं. जुना, उसना सेट नको. २०१२ मध्ये ऑस्ट्रियात एका अपघातात वापरून झिजलेले लवचिक पट्टे दोन्ही तुटले. त्यानंतर बरेच सेट उत्पादकांनी परत मागवले, आणि पुढच्या वर्षी धातूच्या प्लेटमधून दोर घसरवून धक्का खाणारे जुन्या रचनेचे सेटही. एकदा पडून पट्टा उघडला की सेट बाद. पट्ट्याच्या पिशवीच्या खिडकीतून टाके दिसतात, ते दरवेळी बघा.

सेट नीट असूनही तो निकामी करता येतो, आणि हे करणारे बहुतेक लोक अनुभवीच असतात. एक प्रकार असा: आडव्या टप्प्यावर एकच कॅराबिनर केबलला ठेवायचा आणि मोकळा कॅराबिनर हार्नेसच्या बिले लूपला अडकवायचा. असं केलं की भार त्या मोकळ्या फांदीतून थेट हार्नेसवर येतो आणि शॉक अॅब्झॉर्बर बाजूलाच राहतो. आजचे वाय आकाराचे सेट दोन्ही फांद्या केबलवर ठेवून वापरण्यासाठीच आहेत, तसेच वापरा. दुसरा प्रकार विश्रांतीच्या स्लिंगचा. ती हवीच. तीस-चाळीस सेंटिमीटरची, स्क्रूगेट कॅराबिनरची, अँकरच्या खुंटीला अडकवून हात मोकळे करण्यापुरती. पण ती अडकलेली असताना पुढे सरकलात तर पडताना पहिला धक्का तिलाच बसतो, आणि ती ताणली जात नाही. लटकलात तर अडकलेली, निघालात तर सुटलेली. मधली स्थिती नाही.

अँकर ओलांडताना एक कॅराबिनर पुढे, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच मोकळे नकोत, दोन सेकंदही नाहीत. दोन अँकरांमधल्या एका टप्प्यात एकच माणूस. उभ्या टप्प्यावर मी त्याहून जास्त, निदान एक पूर्ण टप्पा मोकळा ठेवतो, कारण वरचा पडला तर सात मीटरचा हिशेब खालच्याच्या डोक्यावर येतो. केबलला कोणी झटका दिला तर ती ताणली जाऊन कातळावर आपटते, त्यामुळे बोटं केबल आणि कातळाच्या मध्ये कधी ठेवू नका.

आता चढण्याच्या पद्धतीबद्दल. लीड क्लाइंबर फेराटावर दोन टोकांना जातात. काही केबलला हातच लावत नाहीत, सगळं कातळावरून. दिसायला सुंदर, पण पडलात तर फॅक्टर ५ त्यांनाही तेवढाच. दुसरे फक्त हातांनी केबल ओढत वर जातात आणि तिसऱ्या तासाला त्यांच्या दंडांत पेटके येतात. मधला रस्ता असा: पाय कातळावर, नीट होल्ड शोधून, पिच चढताना शोधता तसेच. एक हात केबलवर तोल राखण्यापुरता. जिथे होल्डच नाहीत आणि कातळ उभा आहे तिथे दोन्ही हात केबलवर, कोपर सरळ, अंग मागे टाकून पाय कातळावर सपाट. कोपर वाकवून लटकणं हा शक्ती घालवायचा सगळ्यात वेगवान मार्ग. क्लिप करायचं ते थांबता येईल अशा जागी, हात थकण्याच्या आधी. खुंटीच्या वर पाय ठेवून सावकाश क्लिप करणं हे अर्ध्या चालीत लटकून क्लिप करण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

क्लाइंबिंग शूज नकोत. कडक तळव्याचे अॅप्रोच शूज किंवा हलके डोंगरी बूट, कारण दिवसाचा बराच भाग घसाऱ्यावर उतरण्यात जातो. हातमोजे तळव्याला चामड्याचे, अर्ध्या बोटांचे. सायकलचे मोजे लांब दिवसात फाटतात. केबलची एखादी तार सुटलेली असेल तर ती कापड सहज भोसकते, म्हणून हात केबलवरून सरकवत नेण्याऐवजी उचलून पुढे ठेवायची सवय लावा. हेल्मेटबद्दल सांगायला नको. वर कोणी असेल तर दगड येणार हे धरूनच चला.

कॉस्टांटिनीविषयी. मोयात्सा हा चिवेत्ता गटाचा दक्षिणेकडचा भाग. पास्सो दुरान ही खिंड साधारण १,६०० मीटरवर आहे, तिथून रिफूजिओ कारेस्तिआतो हे मुक्कामाचं डोंगरी हट पाऊण-एक तासाच्या चालीवर, १,८३४ मीटरवर. फेराटाची सुरुवात या हटपासून जवळच आहे. सर्वोच्च टोक मोयात्सा सूद, २,८७८ मीटर, आणि ते मुख्य वाटेपासून थोडं बाजूला असल्यामुळे वेळ कमी असेल तर सोडता येतं. मग चेंजा आंजेलिनी नावाची अरुंद, दृष्टिभय असलेली पट्टी, आणि नंतर फोर्चेल्ला देल्ले नेव्हेरे या खिंडीत उतरायचं. तिथे बिवाक्को गेदिनी हा छोटा आपत्कालीन निवारा आहे. तिथून पुन्हा कारेस्तिआतोकडे उतरण, तीही सोपी चाल समजू नका. शिड्या आणि पायऱ्या कमी, केबल आणि कातळ जास्त, असं या मार्गाचं रूप आहे.

मार्ग वाचताना काठिण्याचा एकच आकडा बघू नका. ऑस्ट्रियन पद्धतीत ए ते ई-एफ आणि ह्यूसलरच्या पद्धतीत के१ ते के६ हे सर्वांत अवघड टप्प्याबद्दल बोलतात. ब्रिटिश मार्गपुस्तकांत १ ते ५ हा काठिण्याचा आकडा आणि त्याला जोडून ए, बी, सी अशी गांभीर्याची श्रेणी असते. लांबी, उंची, निसटायच्या वाटा, हवामान बिघडल्यावर काय होईल, हे सगळं त्या अक्षरात येतं. तुमच्यासारख्याने आधी अक्षर बघावं, आकडा मागाहून. एका तासाची के५ फेराटा आणि दहा तासांची के५ फेराटा यांत आकडा सारखाच असतो.

वेळ. हटपासून हटपर्यंत आठ ते दहा तास धरा, तेही दोघं सारख्या वेगाचे असतील तर. आदल्या रात्री कारेस्तिआतोला मुक्काम करा आणि साडेपाच-सहाला निघा. पास्सो दुरान खिंडीपासून सुरुवात केलीत तर दिवसभरात सव्वा हजार मीटरच्या पुढे चढ होतो आणि सकाळचा सगळ्यात चांगला तास चालण्यात जातो. चढ दक्षिणेकडचा आहे. ऑगस्टमध्ये दहानंतर कातळ तापतो, आणि चढात पाण्याचा भरवसा धरू नका. माणशी तीन लिटर न्या. इतकं पाणी जड वाटतं म्हणून दीड लिटर नेणारे दुपारी पेटक्यांनी बसतात. पेटका बोटांत आला की कॅराबिनरचा दट्ट्या दाबता येत नाही, आणि मग प्रश्न तहानेचा राहत नाही.

परत फिरण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण क्लाइंबरची सवय इथेच फसवते. मल्टिपिचवर परत फिरायचं म्हणजे रॅपल, दोरावरून घसरत उतरणं. फेराटावर परत फिरायचं म्हणजे तेच उभे टप्पे उलटे उतरणं, आणि समोरून वर येणाऱ्यांना वाट देत देत. उतरायला चढण्याइतकाच, कधी जास्त वेळ लागतो. हातही तोवर थकलेले असतात. म्हणून निर्णय पहिल्या तृतीयांशातच घ्यायचा. मार्गाच्या वर्णनात त्या भागाला जो वेळ दिला असेल त्याच्या दीडपट लागला, तर तिथूनच मागे फिरा. बहाणे तयारच असतात: गर्दी होती, फोटो काढले, उत्तरार्धात भरून काढू. उत्तरार्धात वेग वाढत नाही. अर्ध्यानंतर पुढे जाणं हाच बहुधा जवळचा सुटकेचा रस्ता असतो, आणि तेव्हा निवड उरलेली नसते. निसटवाटा कुठे आहेत आणि त्या खरोखर वापरण्यासारख्या आहेत का, हे हटच्या व्यवस्थापकाला आदल्या संध्याकाळी विचारा. कुठली केबल तुटली, कुठे दरड आली, हे त्यांना नकाशापेक्षा आधी माहीत असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये डोलोमाइट्समध्ये दुपारची वादळं नेहमीची. मी लांब फेराटाचा हिशेब असा लावतो की दुपारी एकपर्यंत शिखरधारेवरची केबल मागे पडलेली असावी. सकाळी दहालाच ढगांचे मनोरे उभे राहायला लागले तर हवामानाच्या अंदाजात काहीही लिहिलेलं असो, धारेवर जाऊ नका. केबल ही शेकडो मीटर लांब धातूची तार आहे. वीज दूर पडली तरी तिच्यातून येऊ शकते. वादळात सापडलात तर धार सोडून खाली या, केबलपासून दूर रुंद जागा शोधा, सॅकवर पाय जुळवून उकिडवे बसा. अडचण अशी की उभ्या भागात केबल सोडली तर विजेच्या झटक्याने खाली फेकले जाल. तिथे केबलऐवजी कातळाच्या शेंड्याला किंवा कपारीतल्या दगडाला स्लिंग लावून स्वतःला बांधणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय. चांगला उपाय तिथे नाहीच, तो सकाळी होता. पाऊस थांबल्यावरही चुनखडकाचे घासलेले होल्ड निसरडे राहतात. वर दिलेला वेळ कोरड्या कातळाचा आहे.

बर्फाबद्दल थोडक्यात, कारण ऑगस्टमध्ये मोयात्सावर तो मोठा प्रश्न बहुधा नसतो. पण याच उत्साहात पुढे दुसरीकडे जाल म्हणून सांगतो. चिवेत्तावरची आल्लेगेसी ३,२२० मीटरपर्यंत जाते, तिथे हंगामाच्या सुरुवातीला घळींत बर्फ राहतो आणि केबल त्याखाली गाडलेली असते. जर्मनीत त्सुगश्पित्सेला ह्योल्लेनटालमधून जाताना फेराटाच्या आधी हिमनदी ओलांडावी लागते आणि हिमनदी व कातळ यांमधली फट उन्हाळ्याच्या शेवटी रुंदावते. तिथे क्रॅम्पन, बुटाला लावायचे काटे, लागतात. पायथ्याच्या हमर्सबाखपासून चढ जवळपास २,२०० मीटर. मार्मोलादाच्या पश्चिम धारेची फेराटा करून पुंता पेनिया या शिखरावरून उतरताना हिमनदी असते. ३ जुलै २०२२ रोजी त्याच हिमनदीचा कडा कोसळून ११ जण गेले. अशा ठिकाणी फेराटाचा अनुभव पुरत नाही, हिमनदीचा अनुभव वेगळा लागतो.

आता मित्र आणि दोर. तुम्ही एकटे, तुमच्यासारख्याच जोडीदारासोबत जाणार असता तर दोर लागला नसता. मित्रासाठी तीस मीटरचा सिंगल रोप न्या, वजन दीड-पावणेदोन किलो. त्यासोबत तीन-चार एचएमएस (मोठ्या, नासपतीच्या आकाराचे) कॅराबिनर, दोन १२० सेंटिमीटरच्या स्लिंग, चार क्विकड्रॉ (दोन कॅराबिनर जोडलेल्या छोट्या पट्ट्या), एक प्रुसिक दोरी. मित्र थकला तर तुम्ही पुढे जा, अँकरला स्लिंग लावा, मुंटर हिच या गाठीवर त्याला वर घ्या. मधल्या खुंट्यांना क्विकड्रॉ लावत गेलात तर दोर आडवा झोल घेत नाही. त्याचा फेराटा सेट दोर असतानाही केबलवरच राहील, पण पडला तर दोराने आधी पकडलं पाहिजे, म्हणून दोर कायम ताठ. दोघांनी एकाच दोरावर एकाच वेळी, मध्ये काही न अडकवता चढणं मात्र टाळा. एक पडला की दुसऱ्याला खेचतो.

या पद्धतीने वेग निम्म्यावर येतो, हे आधीच समजून घ्या. दोर उभ्या तीन-चार टप्प्यांसाठी आहे. तो सुरुवातीपासूनच काढावा लागला तर दहा तासांचा मार्ग पंधरा तासांवर जातो, म्हणजे तो दिवस तिथेच संपवायचा. धावण्याचा दम हृदय आणि पायांचा असतो, केबलवर आधी पंजे जातात. मित्राला दोन प्रश्न विचारत राहा: मूठ पूर्ण मिटते का, आणि कॅराबिनर एका हाताने उघडता येतो का. दुसऱ्याचं उत्तर नाही आलं की तो थांबण्याचा क्षण.

उरलेलं सामान नेहमीचंच: डोक्यावरचा दिवा, पातळ गरम थर, पावसाचं जाकीट, प्रथमोपचार, सुटकेसाठी चमकतं ब्लँकेट, फोन पूर्ण भरलेला. आपत्कालीन क्रमांक ११२. फोन लागला नाही तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा. सॅक आठ किलोच्या आत ठेवा. जड सॅक उभ्या कातळावर तुम्हाला मागे ओढते आणि त्याची भरपाई हातच करतात.

वेळापत्रकाबद्दल शेवटचा सल्ला. कॉस्टांटिनीच्या दोन दिवस आधी पोर्दोई खिंडीजवळून पित्स बोए शिखराकडे जाणारी चेझारे पिआत्सेत्ता करा. तिची सगळ्यात ताकद मागणारी जागा अगदी सुरुवातीलाच आहे, म्हणून तिथून मागे फिरणं सोपं. मित्राने तो भाग मध्ये मध्ये लटकून का होईना, दोराशिवाय पार केला आणि वर पोहोचल्यावर त्याची मूठ मिटत असली, तर एक दिवस विश्रांती घेऊन कॉस्टांटिनीला जा. नाही जमलं तर ब्रेंटा गटातल्या बोकेत्ते चेंत्रालीला जा. तिथे दृष्टिभय भरपूर आहे, पण वाट अरुंद पट्ट्यांवरून जाते आणि हातांवर तेवढा भार येत नाही. अलिमोंता आणि पेद्रोत्ती हे हट दोन टोकांना असल्याने दिवसही आटोपशीर राहतो.